आढ्याला टांगलेला क्रँक

दयानंदच्या गुऱ्हाळावरचं इंजिन मोडायचंच होतं, तर दिवाळीनंतर कधीही मोडलं असतं. पण नाही. पंधरा दिवस त्या काळ्या धुडानं सगळ्या गावाचा ऊस बिनतक्रार गाळला. आणि महानंदाचा वीस गुंठ्यांचा ऊस तोडून, मोळ्या बांधून गुऱ्हाळावर येऊन पडला, पहिली काहील चुलवणावर चढली, तोच खाडकन आवाज झाला नि इंजिन गप्प झालं. दैवाला तोंड असतं तर महानंदानं दोन शब्द सुनावले असते.

ती तेव्हा गड्यांच्या भाकरी घेऊन वाटेवरच होती. इंजिनचा आवाज थांबला की गावाला कळतं. ती झपाझप आली तर सगळे इंजिनभोवती गोळा झालेले, आणि मधे उकिडवा बसलेला तिचा नवरा मडिवाळप्पा. वय बासष्ट, अंगावर बंडी, गळ्यात लिंग, हात मनगटापर्यंत काळे. निलंग्यापासून मांजरेच्या काठापर्यंत तीस वर्षांत असलं एक इंजिन नसेल ज्याच्या पोटात ह्या माणसानं हात घातला नाही.

"क्रँक गेला," दयानंद म्हणाला. गुऱ्हाळाचा मालक तो, पण तोंड असं केलं होतं की जणू घरातलं माणूस गेलं. "मधून दोन तुकडे. वैनी, इंजिनचा कणाच मोडला बगा. राजकोटला फोन लावला, आठ दिवस म्हनतेत."

"आठ दिवस?" महानंदानं पाटी खाली ठेवली. "काल तोडलेला ऊस हाय. आठ दिवसांनी काय चिपाड गाळता?"

तोडलेला ऊस दोन दिवस थांबतो, फार तर तीन. मग रस आंबतो, त्याचा गूळ आळत नाही, नुसता चिकटा होतो. शेजारच्या गुऱ्हाळावर न्यावा तर तिथं पुढचे दहा दिवस पाळ्या लागलेल्या. वर्षभर पाणी पाजून, खुरपून, रानडुकरांना हाकलून आणलेलं पीक, आणि ते दोघांच्या डोळ्यांदेखत अंगणात वाळणार होतं.

मडिवाळप्पा मात्र हसला. दस्तीनं हात पुसत उठला नि म्हणाला, "दयानंद, च्या सांग. क्रँक घरी हाय."

महानंदाची मान आपोआप ताठ झाली. हाय की! बावीस वर्षं घरात टांगलेला हाय!

त्याची गोष्ट अशी. बावीस वर्षांमागं उदगीरच्या बाजारातलं एक जुनं दुकान बंद होत होतं. ह्या इंजिनचे सुटे भाग आता जवळपास मिळायचे नाहीत, हे मडिवाळप्पानं तेव्हाच ओळखलं. कोराकरकरीत क्रँक पोत्यात गुंडाळून त्यानं एस.टी.च्या टपावरून घरी आणला आणि मधल्या घरात आढ्याला दोरानं उभा टांगला. आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनानं वाकतो म्हणे. घरी येणारे पाहुणे जेवता जेवता वर बघायचे नि विचारायचे, हे काय वो टांगलंय? बकरं सोलून ठेवलंय का? महानंदा म्हणायची, "आमच्यात बकरं खात न्हाईत. ते ह्यांचं थोरलं लेकरू हाय." तिला त्या डिझेल-ग्रीसच्या वासाची भारी शिसारी. नवी नवरी होती तेव्हा त्याच्या बंडीचा वास आला की नाकाला पदर लावायची. पण त्या क्रँकवर तिचाही जीव होता, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

दयानंद आणि एक गडी घरी आले. दोर सैल करत करत क्रँक खाली उतरवला, ओसरीवर पोत्यावर ठेवला. वर पांढरंशुभ्र धोतर गुंडाळलेलं, महानंदाच्या हातचं. मडिवाळप्पानं गाठ सोडली, एक घडी उलगडली, आणि लगेच परत मिटली.

"तुमी व्हा फुडं," तो दयानंदला म्हणाला. "इंजिन खोलून ठेवा. मला पुसापुशीला येळ लागंल."

"आता दोघं हावत तर उचलूनच नेऊ की."

"म्हनलं ना, व्हा फुडं. सकाळी घिऊन येतो."

दयानंद गेला. फटफटीचा आवाज वळणाआड गेल्यावर मडिवाळप्पानं धोतर पूर्ण सोडलं. आतल्या बाजूनं ते तांबडं झालं होतं.

महानंदा वाकून बघू लागली.

क्रँकला बेअरिंग बसायच्या तीन जागा असतात. त्या आरशासारख्या गुळगुळीत असाव्या लागतात, एवढं तिलाही ठाऊक होतं. त्या तिन्ही जागांवर तांबडे पट्टे उठले होते. नीट, समांतर, तीन-तीन. तिनं आपली तीन बोटं जवळ नेली. बरोबर बसत होती.

विभूती! तिनं लावलेली विभूती!

दर खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, मडिवाळप्पाचे पाने, आणि सगळ्यांच्या मधोमध क्रँक. आदल्या दिवशी तो खाली उतरवून फडक्यानं पुसायचं काम त्याचं. मग महानंदा पदर खोचून बसायची. राख नि शिकेकाईनं घासून, तांब्या तांब्यानं पाणी ओतून त्याला न्हाऊ घालायची. तेलकटपणाचा लवलेश ठेवायची नाही, कारण तेलावर विभूती ठरत नाही, घसरते. मग विभूती पाण्यात कालवून तीन बोटांनी पट्टे, वर कुंकू, एक झेंडूचं फूल. पूजा झाली की कोऱ्या धोतरात बांधायचा. ठेवणीतली पितळेची समई कशी घासून, पुसून फडक्यात ठेवतात, तसंच. ग्रीस चालत्या चाकाला लागतं, बसून राहणाऱ्या वस्तूला ते घाणेरडं कशाला फासायचं, असं तिचं साधं गणित होतं. मडिवाळप्पा तिनं बांधलेला क्रँक गुमान वर टांगायचा आणि ती त्याच दिवशी दसऱ्याला माहेरी, देगलूरकडं निघायची.

"आगं माय, हे काय झालं वो?" ती म्हणाली. "दर सालासारखंच केलं मी. बावीस वरसं असंच करत आले. कदी डाग पडला न्हाई."

"हवा खराब हुती औंदा," मडिवाळप्पा तिच्याकडं न बघता म्हणाला. "पाऊस लई लांबला. तू काय करनार त्याला?"

तिला ते पटलंही असतं. सोयाबीन भिजवून गेलेला पाऊस तिनंही बघितला होता. पण तेवढ्यात सून पुनम चहा घेऊन आली. पोरगी सरळ, मनात आलं की तोंडात आलं.

"मामा, औंदा ग्रीस लावायचं ऱ्हायलं व्हय?" ती म्हणाली. "दर साली आत्या मायेरी गेल्या की दोन दिवस तेच करीत बसता न्हवं तुमी. ते तपकिरी कागद, मेण—"

मडिवाळप्पाला अशी खोकल्याची उबळ आली की बशीतला चहा सांडला. पुनमनं एकदा सासऱ्याकडं, एकदा सासूकडं बघितलं आणि कप तिथंच ठेवून आत पळाली.

महानंदा ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसली. बावीस दसरे. बावीस वर्षं ती म्हणायची, चला की माझ्या माहेरी, दसऱ्याला जावई घरात पाहिजे. आणि बावीस वर्षं हा माणूस म्हणायचा, इंजिन खोललंय, काम हाय, तू जा. माहेरी भाऊ मृत्युंजय विचारायचा, दाजी न्हाई आले? वडील तर काही विचारायचेच नाहीत. नुसते ओट्यावर बसून एस.टी.तून कोण उतरतं ते बघायचे. दोन वर्षांमागं ते गेले. जावयाच्या हातात पुन्हा एकदा दसऱ्याचं सोनं द्यायचं त्यांचं राहून गेलं. भावकीत सगळे म्हणायचे, मडिवाळप्पाला गर्व झालाय. अन् महानंदालाही तेच वाटायचं, उगाच कशाला खोटं बोला.

औंदा तिनं सांगून टाकलं होतं, तुमी आला न्हाईत तर मी बी जात न्हाई. मृत्युंजय स्वतः जीप घेऊन आला. खंडेनवमीची पूजा झाली, क्रँक वर टांगला आणि हा निमूटपणे जीपमधे बसला. परत आले तर सोयाबीन पाण्यात, मग सगळी धावपळ. राहून गेलं ते राहूनच गेलं.

"रडायला येळ न्हाई," मडिवाळप्पा म्हणाला. "उद्या सकाळी हा बसला पायजे. ऊठ. रॉकेल आन."

दुपारचं ऊन अंगणात आलं होतं. त्यांनी क्रँक दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवला. आधी रॉकेलनं धुतला, काथ्यानं चोळला. सुटा गंज गेला, पण पट्टे तसेच. मग मडिवाळप्पानं बारीक पॉलिश पेपरची पट्टी कापली, तेलात बुडवली, बेअरिंगच्या जागेवर गुंडाळली आणि तिच्यावर सुताच्या दोरीचे दोन वेढे दिले. एक टोक त्यानं धरलं, एक तिच्या हातात दिलं.

"ताक घुसळतीस तसं," तो म्हणाला. "हिसका न्हाई द्यायचा. एका जागी जास्त घासलं तर लंबगोल हुतंय, मग भंगारात घालायचा."

ती समोर बसली. त्यानं ओढलं, तिनं ओढलं. सर्र, सर्र. पन्नास वेळा ओढलं की थांबून पुसायचं, पट्टी बदलायची. शंभर वेळा ओढून झालं. मग मात्र तिच्याच्यानं राहवेना.

"मला सांगायला काय झालं हुतं?"

सर्र.

"काय सांगायचं?"

"धुऊ नको म्हनून. एवढंच सांगायचं हुतं. एका वाक्याचं काम."

"हात सैल सोडू नको. वड."

"वडून राहिले की! तुमी बोला."

मडिवाळप्पा ओढत राहिला. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता. दहा-पंधरा वेळा ओढून झाल्यावर मान खाली घालूनच म्हणाला, "तुला माज्या सामानाचा वास खपत न्हाई. वरसभर तू माजी बंडी काठीनं उचलतीस. त्या एका दिवशी तू त्याला मांडीवर घिऊन न्हाऊ घालायचीस. मला बगाया बरं वाटायचं."

महानंदाची दोरी थांबली.

"वड," तो म्हणाला. "पयल्या साली सांगनार हुतो. तोंडाशी आलं हुतं. तू फूल लावलंस नि माज्याकडं बगून हसलीस. मग न्हाई सांगितलं. म्हनलं, मागनं लावू ग्रीस, काय बिगडतंय. आन् एकदा न्हाई सांगितलं की मग कसं सांगायचं? तुजी विभूती पुसून मी कदी टाकली न्हाई. कपाळाला लावत आलो."

आता एखादीचे डोळे भरून आले असते. महानंदाचेही आले. पण त्याच्याआधी तिला असा राग आला की तिनं दोरी फेकूनच दिली.

"आन् माजा बाप?" ती ओरडली. "माजा बाप ओट्यावर बसून वाट बगत गेला! खिशात सोनं घिऊन! आन् तुमी हितं लोखंडाला ग्रीस चोळत बसला हुता? एवढी अक्कल कुठं गहाण टाकली हुती? एक दिस उशिरा निघालो आसतो, दोघांनी मिळून लावलं आसतं!"

ओंडक्यावरचा क्रँक, सांडलेलं रॉकेल, आणि त्याचे काळे हात मांडीवर पडलेले. बासष्ट वर्षांचा माणूस पाटी फुटलेल्या पोरासारखा बसला होता. तिला वाटलं, अजून चार शब्द बोलावेत. मग गुऱ्हाळाच्या अंगणातल्या मोळ्या आठवल्या. उसाला भांडण कळत नाही, तो वाळतच राहतो. तिनं दोरीचं टोक उचललं.

"वडा," ती म्हणाली.

ऊन कलायला आलं तोवर दोन जागा चकचकीत झाल्या होत्या. तिसरी, मधली, हट्टाला पेटली होती. मडिवाळप्पानं बोट फिरवून बघितलं, डोळे मिटून फिरवून बघितलं.

"माज्या बोटाला आता कळत न्हाई," तो म्हणाला. "तीस वरसं पाने फिरवून घट्टे पडलेत. तू नख फिरीव. कुठं अडकलं तर सांग. अडकतंय म्हंजे खड्डा ऱ्हायला. तो बेअरिंग खाऊन टाकतो, आन् मग इंजिन बी जातंय."

तिनं करंगळीचं नख हलकेच फिरवलं. एकदा, दोनदा. एका जागी नख किंचित थबकलं. तिचे खांदे भरून आले होते, तळहाताला फोड आला होता आणि सगळं जग सांगत होतं, म्हण की झालं. तिनं म्हणलं असतं तर त्यानं खरं मानलं असतं.

"अडकतंय," ती म्हणाली.

पुन्हा पन्नास.

"आजून अडकतंय. उलसंच."

पुन्हा पन्नास. पुनम आली, काही न बोलता सासूच्या मागं बसली आणि दोरीला हात लावला. मग तिघांनी ओढलं.

चौथ्यांदा महानंदानं नख फिरवलं. परत फिरवलं. मग पदरानं डोळे पुसले नि आणखी एकदा फिरवलं.

"न्हाई अडकत," ती म्हणाली.

सकाळी उन्हं वर यायच्या आत क्रँक गुऱ्हाळावर पोचला. बसवता बसवता दुपार झाली. बाकीचे गडी ऊस मोळ्यांतून सुटा करत होते. टोकं सुकायला लागली होती. महानंदा जिथं तिथं उभी राहायची आणि कुणाच्याही मधे यायची. शेवटी दयानंदच म्हणाला, "वैनी, तुमी बसा बरं. तुमच्याकडं बगून आमाला बी धडकी भरायलीय."

दोन गड्यांनी हँडल मारलं. एकदा फुस्स, दुसऱ्यांदा फुस्स. तिसऱ्यांदा धडधडलं, धूर सोडला आणि ते काळं धूड चालू लागलं. गडी ओरडले. पण मडिवाळप्पा हसला नाही. बेअरिंगच्या झाकणावर त्यानं तळवा ठेवला आणि तसाच उभा राहिला. गरम झालं तर बंद करावं लागणार, आणि बंद केलं की संपलं. पाच मिनिटं. दहा. महानंदा त्याच्या पाठीकडं बघत होती. मग तो वळला, तिच्याजवळ आला नि तिचा हात धरून झाकणावर ठेवला. सगळ्या गुऱ्हाळादेखत. बावीस वर्षांत काय, बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं चारचौघांत तिचा हात धरला नव्हता.

झाकण कोमट होतं. तेवढंच.

चरकात ऊस गेला, रस वाहू लागला. संध्याकाळच्या आत पहिली काहील उतरली. दयानंदनं गरम गूळ पाण्यात टाकला, त्याची गोळी काठावर आपटली, टणकन आवाज आला. आळला!

"बावीस वरसं टांगलेली वस्तू आन् आरशावानी!" दयानंद सगळ्यांना सांगत सुटला. "जपावं तर मडिवाळप्पानं. न्हाई तर आमी. काल आनलेला पाना आज गंजतोय."

मडिवाळप्पा खाली बघून पाय घासत होता. महानंदानं त्याच्याकडं बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. राख, शिकेकाई, विभूती, दोरी, सगळं. लोक पोट धरून हसले. तीही हसली. एवढ्या लोकांसमोर आपली फजिती सांगताना आपल्याला इतकं हलकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग तिनं माहेरी फोन लावला. हात चिकट होते म्हणून फोन पुनमनं धरला, आवाज मोठा करून. पलीकडं तिची आई, पार्वतम्मा. चौऱ्याऐंशी वर्षांची, कानानं जराशी जड, बाकी ठणठणीत.

"अव्वा, हे दसऱ्याला का येत नव्हते, कळलं मला," महानंदा म्हणाली आणि परत सगळं सांगितलं, ओरडून ओरडून. मडिवाळप्पा जवळच उभा होता. त्याला निघून जायचं होतं, पण पाय निघेनात.

महानंदानं कान फोनजवळ नेला.

"येवढंच व्हय?" पार्वतम्मा म्हणाली. "मग जावयांनी सांगायचं न्हाई का गं? तुजा बाप दिवसभर ओट्यावर बसून तर आसायचा. तेच आले आसते की तिकडं. सोनं बी दिलं आसतं, आन् बसले आसते ग्रीस लावत जावयासंगं. त्यास्नी लई आवड हुती यंत्राची. त्यास्नी कुनी बोलावलंच न्हाई."

गुऱ्हाळावर इंजिन धडधडत होतं. मडिवाळप्पानं डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगाळली. फोनकडं वाकून कसाबसा म्हणाला, "चुकलं, अव्वा. माजं लई चुकलं."

"चुकलं तर चुकलं," म्हातारी म्हणाली. "गूळ धाडा आमाला. आन् फुडच्या दसऱ्याला मी येती तिकडं. त्यांच्या वाटनीचं मी लावती ग्रीस. मृत्युंजय आनून सोडंल."

मडिवाळप्पानं तोंड फिरवलं. महानंदानं चिकट हातानं पाठीमागून त्याची बंडी धरली, डिझेलच्या वासासकट, आणि फोनमधे ओरडून सांगितलं,

"ये अव्वा. पर जुनं लुगडं नेसून ये."